आधी कोण बोलणार?

छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात आमच्या सोसायटीची बैठक खालच्या पार्किंगमध्ये भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, एका स्टुलावर चहाचा थर्मास आणि विषय बहुतेक वेळा एकच: पाणी. तीन वर्षांपूर्वी प्रश्न होता, नवा बोअर घ्यायचा की टँकरवरच भागवायचं. सोसायटीतले सगळ्यांत ज्येष्ठ काका उठले, "बोअर घेऊन टाकू" म्हणाले आणि बसले. मग एकेक जण "काका म्हणतात ते बरोबर आहे" एवढंच म्हणत गेला. मीही म्हटलं. चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली. त्या संध्याकाळी जिन्यात जो तो दुसऱ्याला सांगत होता, "मला वाटलंच होतं."

काका चुकले याचं मला काही वाटत नाही, अंदाज कुणाचाही चुकतो. चोवीस घरांच्या शंका चोवीस पोटांत राहिल्या, ते मात्र आजही डाचतं. तेव्हापासून मला एक छंद लागला. माणसं एकत्र बसून निर्णय कसा घेतात, तिथं आधी कोण बोलतं, नाही म्हणायची सोय असते का, याच्या गोष्टी मी जमवतो. निम्मा ऐवज घराजवळच सापडला. नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा आणि पुढं दौलताबादचा किल्ला, हा रस्ता त्या गोष्टींनी भरलेला आहे.

जिन्यातल्या "वाटलंच होतं"ला नाव आहे

नाव अमेरिकेतल्या एका गावाचं आहे, ॲबिलीन. जेरी हार्वे नावाच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये आपल्या घरचाच प्रसंग लिहिला. टेक्सासमधली जुलैची दुपार, घरात सगळे निवांत बसलेले. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जाऊन जेवू या का? बायको हो म्हणाली, जावई हो म्हणाला, सासूबाई हो म्हणाल्या. गाडीत एसी नाही, रस्ता धुळीचा, जेवण बेचव. परत आल्यावर कळलं, जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं, ते आपले इतरांना कंटाळा आला असेल म्हणून बोलले होते! मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी पाहुण्यांना वेरूळला नेलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. कंपन्या आणि संस्थाही असंच करतात, हे हार्वे यांचं म्हणणं होतं. भांडणापेक्षा खोटी सहमती महाग पडते.

छावणीतला उलटा क्रम

आमच्या शेजारी लष्कराची छावणी. लष्कर म्हणजे हुद्द्याचा मान आणि हुकमाची तामिली, असं आपण धरून चालतो. पण लष्करी न्यायालयात, म्हणजे कोर्ट मार्शलमध्ये, सदस्यांची मतं कोणत्या क्रमानं घ्यायची हे भारताच्या १९५४ च्या आर्मी रूल्समध्ये लिहून ठेवलंय: सुरुवात सर्वांत कनिष्ठ हुद्द्याच्या सदस्यापासून. प्रत्येकानं आपलं मत तोंडानं सांगायचं, गप्प बसायची मुभा नाही.

कारण साधं आहे. कर्नल आधी बोलले तर कॅप्टनचं मत कर्नलच्या मतासारखं होतं. कॅप्टन आधी बोलला तर दोघांची मतं खरी कळतात. जिथं हुद्दा सर्वांत कडक, तिथंच हा नियम लिहून ठेवावा लागला, हे मला फार बोलकं वाटतं. कॉलेज, बँक, सोसायटी अशा ठिकाणी आपण समजतो की इथं सगळे मोकळेपणानं बोलतात. तिथं असा नियम कुणी करतच नाही.

राजा म्हणून बोलणार की पंडित म्हणून?

छावणीपासून नागसेनवन दूर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथं १९५० साली सुरू झालं. बाबासाहेबांनी कॉलेजला मिलिंदाचं नाव दिलं, परिसराला नागसेनाचं. आम्ही लहानपणापासून ही नावं रिक्षावाल्याला सांगण्यापुरती वापरली. त्यांच्यामागं काय आहे ते मला फार उशिरा वाचायला मिळालं.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. वादात त्याच्यापुढं कुणी टिकत नसे. तो भिक्खू नागसेनाला म्हणाला, माझ्याशी चर्चा कर. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेनाचं उत्तर आहे, त्याचा आशय असा: पंडितासारखी चर्चा करणार असशील तर करतो, राजासारखी करणार असशील तर नाही. राजानं विचारलं, फरक काय? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, सुटतो, चूक दाखवली जाते, मान्यही केली जाते आणि त्यावर कुणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट मांडतात आणि जो विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतात.

राजानं अट मान्य केली. एवढ्यावर थांबला नाही. जसं एखाद्या भिक्खूशी, श्रामणेराशी, अगदी विहारात कामाला असणाऱ्या सेवकाशी बोलाल, तसंच माझ्याशी निर्धास्त बोला, असं त्यानं सांगितलं. दोन हजार वर्षांहून जुनी ही अट आहे. प्रश्नोत्तरं नंतर सुरू होतात, आधी बोलण्याचे नियम ठरतात. मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी कॉलेज काढताना बाबासाहेबांनी नेमका हा राजा निवडला. त्याच्या सैन्यासाठी नव्हे, प्रश्न विचारण्याच्या आणि उत्तर ऐकून घेण्याच्या वृत्तीसाठी.

कांड्या, कान आणि बाटली

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तिथं राहणाऱ्या भिक्खूंमध्ये मतभेद झाले तर? विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याची रीतसर व्यवस्था आहे. मतदानाच्या कांड्या असत, त्यांना शलाका म्हणत. दोन मतांसाठी दोन रंगांच्या कांड्या. त्या वाटायला आणि गोळा करायला एक भिक्खू नेमला जाई. तो पक्षपाती, द्वेषी, अजाण किंवा भित्रा नको, अशा अटी. मतदानाचे तीन प्रकार: उघड, कानात सांगून आणि गुप्त. गुप्त प्रकारात प्रत्येकाला सांगायचं, हवी ती कांडी घे आणि कुणाला दाखवू नकोस. एक गोष्ट मला खटकते, तीही सांगतो. बहुमत धर्माच्या विरोधात जातंय असं दिसलं तर ते मतदान रद्द ठरवायची मुभा त्या मोजणाऱ्याला होती. म्हणजे तेव्हाही मोजणाऱ्याच्या हातात बरंच काही होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी याच भिक्खू संघांचा दाखला दिला. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं या देशाला ठाऊक होतं, असं त्यांचं सांगणं होतं. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्याच भाषणातला.

आता शलाकेची महाराष्ट्रातली नात पाहा. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आपल्या राज्यात महिलांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उमेदवार नसतात, दोन बाटल्या असतात! एक उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे: जी मतदानाला आली नाही, तिचं मत आडव्या बाटलीला मिळत नाही. एवढी कडक अट असूनही राज्यातल्या कितीतरी गावांनी बाटली आडवी केली. हाच विषय हात वर करून ठरवायचा म्हटला असता तर? समोर नवरा, दीर, दुकानदाराचा भाऊ. हात वर जायला किती धैर्य लागलं असतं! बायकांचं मत तेच असतं, पडदा लावल्यावर ते मोजता येतं.

कायद्यानं आणखी एक सोय केलीय. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते. जिथं खरोखर होते, तिथं बायका मोठ्या सभेत येताना मनाशी आणि आपसांत बोलून आलेल्या असतात.

किल्ल्यावरची कबुली

पडेगावहून निघालं की दौलताबाद अगदी जवळ. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं हलवली, काही वर्षांत दिल्लीला परत नेली. दिल्ली ते दौलताबाद हजार किलोमीटरहून जास्त. सगळी दिल्ली रिकामी झाली नव्हती, मुख्यतः सरदार, अधिकारी, विद्वान अशी वरची माणसं हलली, असं आज बरेच इतिहासकार मानतात. तरी 'तुघलकी निर्णय' हा शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला आला.

मला मात्र सुलतानापेक्षा त्याच्या दरबारातला झियाउद्दीन बरनी जास्त आठवतो. सतरा वर्षं तो सुलतानाच्या सहवासात होता. म्हातारपणी त्यानं इतिहास लिहिला आणि त्यात कबूल केलं की सुलतानानं सल्ला विचारला तेव्हाही खरं बोलायची हिंमत झाली नाही. कठोर शिक्षांमुळेच बंडं होताहेत, हे ओठांवर आलं होतं. जिवाच्या भीतीनं गिळलं. एकट्या माणसाचा लहरी निर्णय म्हणून आपण जो सांगतो, त्याच्याभोवती गप्प बसलेली माणसं होती. त्यांतल्या एकानं निदान लिहून तरी ठेवलं.

तीन झटपट चटके

एक. १९५१ मध्ये सॉलोमन ॲश यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना कागदावरच्या रेघा दाखवल्या. कोणत्या दोन सारख्या लांबीच्या, एवढंच सांगायचं, लहान पोरालाही जमेल असं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देत. दर चार मुलांपैकी सुमारे तिघं एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला मम म्हणाले. पण गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी हा दबाव झपाट्यानं ओसरे. एक माणूस पुरतो!

दोन. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचं टेनेरिफ विमानतळ, दाट धुकं. केएलएमचं विमान उड्डाणासाठी धावू लागलं तेव्हा धावपट्टीवर पॅन ॲमचं विमान होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली: ते विमान बाजूला झालं ना? कॅप्टन कंपनीतले नामांकित प्रशिक्षक, जाहिरातीत झळकलेला चेहरा. त्यांनी ठामपणे 'झालं' म्हटल्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा धडा आला: कनिष्ठानं शंका ठामपणे कशी मांडायची आणि वरिष्ठानं ती कशी ऐकायची.

तीन. गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून काही निर्देशांक काढले. त्यातला एक वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती सहज मान्य करतात, याचा. भारताचा आकडा ७७, डेन्मार्कचा १८, ऑस्ट्रियाचा ११. हे एका कंपनीतल्या नोकरदारांवरून काढलेलं आहे, त्यामुळे 'आपण असेच' म्हणून हात झटकायला मी तो आकडा वापरू देणार नाही. आपल्याच राज्यातलं एक गाव त्याच्या अगदी उलट वागतं. त्याच्याकडे येतोच, आधी पडेगावचा कचरा.

२०१८ चा मार्च

शहराचा कचरा अनेक वर्षं नारेगावला जाऊन पडायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आता बस म्हणाले. त्यांचं चुकलं कुठं? वर्षानुवर्षं धूर, माश्या, वास त्यांनीच सोसला होता. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मग जागांचा शोध सुरू झाला, आणि ७ मार्चला मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या आल्या तेव्हा भडका उडाला. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार. पुढं महापालिका आयुक्तांची बदली झाली आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं.

ते दिवस इथल्या माणसांना विसरता येत नाहीत. शाळेतून पोरं घरी आणायची घाई, बंद शटर, नाकाला रुमाल. बोलताना बायका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: आम्हाला आधी कुणी विचारलंच नाही. कचरा कुठं तरी जाणारच, हे त्यांनाही कळत होतं. ज्याच्या दारात गाडी येणार, त्याला गाडी आल्यावर कळलं, ही त्यांची खंत होती. माहिती उशिरा आली की तिचा हुकूम होतो.

नंतर कचरा एकाच गावावर लादायचा नाही, वेगवेगळ्या भागांत प्रक्रिया केंद्रं उभारायची, अशी दिशा ठरली. चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी आणि आमचं पडेगाव. आज इथं केंद्र आहे. एकाच्या माथी सगळं मारण्यापेक्षा हे शहाणपणाचं झालं, असं मी मानतो. भडक्याआधी झालं असतं तर किती माणसांची डोकी शाबूत राहिली असती.

एकाचा नकार पुरतो

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. गावात बहुमतानं काही ठरत नाही. सर्वसहमती लागते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेत, तोवर त्या माणसाचं म्हणणं समजून घ्यायचं. 'मग काहीच ठरत नसेल' असं वाटतं ना? २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला.

त्यांची खरी युक्ती वेगळीच आहे, मला ती फार आवडते. ग्रामसभेसोबत गावात अभ्यासगट चालतात. अभ्यासगटात निर्णय घ्यायचाच नाही, फक्त समजून घ्यायचं. बाहेरचे जाणकार, अधिकारी, कार्यकर्ते तिथं येऊन बोलतात. निर्णय मात्र ग्रामसभेत गावकरीच घेतात. त्यामुळं अभ्यासगटात अडाणी प्रश्न विचारायला लाज वाटत नाही आणि सभेत कुणाचं पांडित्य अंगावर येत नाही. आपल्याकडच्या बैठकांत माहिती आणि निर्णय एकाच अर्ध्या तासात उरकायचे असतात. मग ज्याच्याकडे माहिती, त्याचाच निर्णय.

बारा भाई आणि दीडशे गाड्या

'बारभाईची शेती, काय लागेल हाती' असं आपण म्हणतो. पण ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राज्य सावरलं ते बारभाईंच्या मंडळानंच. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावानं कारभार हाकला. त्याहीआधी आपल्या गावागावांत गोतसभा भरत आणि निवाड्याच्या कागदावर, म्हणजे महजरावर, जमलेल्यांच्या निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. तिथंही जातीची उतरंड होतीच, ती विसरून चालणार नाही. पण निर्णयाखाली कोण कोण होतं, हे कागदावर दिसत असे.

गट खरेदीलाही निघतो. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरातल्या दीडशे जणांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा घेतल्या, सुमारे ६५ कोटींना. देशभर बातमी झाली, मागास म्हटल्या जाणाऱ्या मराठवाड्याचं नाव वेगळ्याच पानावर आलं. एकेकटा गेला असता तर घासाघीस करायला कुणाला किती वाव मिळाला असता? गटाची ताकद ती हीच. मित्रानं नोंदवली म्हणून नोंदवायची, हा मोहही त्याच ताकदीचा सख्खा भाऊ.

झाड हलवायच्या आधी

३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरात कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. इथल्या पोरांना नोकऱ्या मिळाव्यात ही आशा आहेच. मला त्यांच्यासोबत दोन जपानी शब्द यायला हवे आहेत. पहिला 'आंदोन': साखळीवर काम करणाऱ्या कुठल्याही कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो, मुख्य माणूस धावत येतो, दोष निस्तरला नाही तर साखळी थांबते. दोरी ओढल्याबद्दल कामगाराला दम भरला जाऊ लागला की दोरी लोंबतच राहणार. म्हणून टोयोटात दोरीइतकीच दोरी ओढणाऱ्याचे आभार मानायची सवय महत्त्वाची मानतात.

दुसरा शब्द 'नेमावाशी'. हा माळ्यांचा. मोठं झाड दुसरीकडे लावायचं तर एका दिवसात उपटायचं नाही. आधी मुळांभोवती हळूहळू खणायचं, त्याला नव्या मुळ्या फुटू द्यायच्या, मग हलवायचं. बैठकीआधी एकेकाला गाठून, त्याची अडचण ऐकून घेण्याला जपानी कंपन्यांत हा शब्द वापरतात. केशर आंब्याची कलमं हलवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे दोन वाक्यांत पटेल. मिटमिट्यात त्या मार्चमध्ये नेमकं हे खणणं राहून गेलं होतं.

परवाची बैठक

गेल्या महिन्यात सोसायटीत पुन्हा पाण्याचा विषय निघाला. छतावरचं पावसाचं पाणी जिरवायचं का आणि कुठं. मी काकांच्या घरी आदल्या दिवशी गेलो, क्रम उलटा करू या का, असं विचारलं. ते हसले, म्हणाले, "अरे, मग मलाही विचार करायला वेळ मिळेल." सुरुवात गेटवरच्या मामांपासून झाली. आठ वर्षं ते आमच्याकडे आहेत, बैठकीच्या दिवशी खुर्च्या मांडतात आणि गेटवर जाऊन बसतात. त्यांना खुर्चीवर बसायला लावणं हेच पाच मिनिटांचं काम झालं.

मामा म्हणाले, छताच्या चारही नळ्यांचं पाणी मागच्या भिंतीकडं येतं, मोठ्या पावसात तिथं दोन दोन दिवस साचतं, आणि जुन्या बोअरचं तोंड तिथून पंधरा पावलांवर आहे. तो कोरडा बोअर भरून घ्यायला वापरता येईल का, हे इंजिनिअरला विचारायला हवं, असं मग दुसऱ्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी म्हणाली. काका सर्वांत शेवटी बोलले. त्यांनी एकच विचारलं, पंधरा पावलं म्हणजे किती फूट? रविवारी सकाळी फीत घेऊन सगळे मागच्या बाजूला जमणार आहेत. फीत मामा आणतो म्हणालेत.